कुलपाआधी गाव

अमेरिकेत झाडाला बांधायचा एक कॅमेरा शिकारीच्या सामानाच्या दुकानात मिळतो. हरीण कोणत्या वाटेनं आणि किती वाजता जातं ते आधी बघून ठेवायचं आणि मग बंदूक घेऊन त्याच वाटेवर बसायचं, यासाठी तो तिथे खपतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं, मोजके अपवाद सोडले तर, शिकार बंद केली. त्यामुळे तीच पेटी आपल्याकडे बंदुकीवाचून आली आणि तिला ट्रॅप कॅमेरा म्हणू लागले. समोरून उष्ण रक्ताचं काही हललं की तो आपोआप फोटो काढतो, एवढंच त्याचं काम. 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभरात 26,838 ठिकाणी असे कॅमेरे लागले आणि त्यांनी साडेतीन कोटींच्या आसपास फोटो काढले. आता ही वस्तू फक्त वनखात्याची राहिलेली नाही. उसाच्या फडाजवळ बिबट्याचे ठसे दिसलेला शेतकरी, देवराईतल्या प्राण्यांची नोंद ठेवणारे कॉलेजचे विद्यार्थी, हौशी निसर्ग अभ्यासक असे सगळेच तो बाळगतात. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत असा कॅमेरा लावणाऱ्या कोणालाही एकच धास्ती असते. तीन आठवड्यांनी परत जावं, तर झाडावर कापलेला पट्टा तेवढा लोंबकळत असायचा.

यावर मिळणारा सल्ला ठरलेला आहे. लोखंडी पेटी घ्या, जाड केबल घ्या, कुलूप मोठं घ्या. हा सल्ला चूक नाही, पण तो शेवटचा आहे आणि दिला जातो पहिला. आपल्या भागातल्या ट्रॅप कॅमेऱ्याला लोभापेक्षा संशयाचा धोका जास्त आहे, असं माझं म्हणणं आहे. ते पटवून घेण्यासाठी शेजारच्या चोरीकडे बघा. ओढ्यावरची पाणबुडी मोटार चोरीला जाते, केबल जाते, कारण तांब्याला भंगारात भाव आहे आणि घेणारा ओळखीचा आहे. ट्रॅप कॅमेऱ्याला असं गिऱ्हाईक नाही. भोरच्या बाजारात तो कोणी विकत घेणार नाही, मोबाईलच्या दुकानात त्याचा उपयोग नाही, आणि पासवर्ड टाकलेला असेल तर तो घरी नेऊन चालूही होत नाही. म्हणजे ज्या वस्तूला बाजार नाही ती जाते, तेव्हा तिची किंमत बघून ती गेलेली नसते. एखादा कुतूहलापोटी उचलतो, एखाद्याला आत आपला फोटो आहे याची भीती वाटते, आणि एखादा स्वतःच रात्री फासे लावायला आलेला असतो. तिघांवर उपाय वेगळे आहेत आणि कुलूप त्यातल्या पहिल्यालाच काय ते अडवतं.

दुसऱ्याचा विचार आधी करायला हवा, कारण त्याची संख्या सर्वांत मोठी आहे आणि त्याची बाजूही खरी आहे. जंगल म्हणजे रिकामी जागा नव्हे. सरपणाची मोळी, गुरांचा चारा, हिरडा, करवंदं, जांभळं यासाठी माणसं तिथे रोज असतात. ज्या वस्तीत शौचालय नाही किंवा असून पाणी नाही, तिथल्या बायका झुडपाआड जातात. घरच्यांपासून चोरून भेटणारी जोडपी असतात. रोपवनात गुरं घुसवलेली असतात, कुठे हातभट्टी असते. अशा जागी झाडाला बांधलेली, माणूस पुढून गेला की डोळा मिचकावणारी पेटी दिसली, तर ती बिबट्यासाठी आहे हे त्या बाईला कोणी सांगितलंय? कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात त्रिशांत सिमलाई या संशोधकानं 14 महिने राहून अडीचशेहून जास्त लोकांशी बोलून केलेला अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. शौचाला गेलेल्या एका बाईचा ट्रॅप कॅमेऱ्यात आलेला फोटो गावातल्या व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर फिरला, आणि चिडलेल्या गावकऱ्यांनी आसपासचे कॅमेरे फोडून टाकले, अशी घटना त्यात नोंदली आहे. तिथल्या बायकांना जंगल ही सासरच्या धाकापासून थोडी मोकळी जागा होती, तिथे त्या गात, मोठ्यानं बोलत. कॅमेरे आल्यावर त्या दबून वागू लागल्या, हेही त्यात आहे. फुटलेल्या त्या कॅमेऱ्यांना कोणती केबल वाचवणार होती? चोराला कुलूप थांबवतं. रागावलेल्या माणसाला फक्त दगड लागतो.

भीती घालवली की चोरी कमी होते का, याचा एक छोटा पण नीट केलेला प्रयोग जर्मनीत झालेला आहे. म्युनिक शहरातल्या हिरव्या जागांमध्ये काही अभ्यासकांनी खोटी उपकरणं मुद्दाम ठेवली आणि त्यांवर तीन प्रकारच्या चिठ्ठ्या लावल्या. एकीवर कोरडी माहिती, दुसरीवर धमकी, तिसरीवर आपुलकीनं लिहिलेला, माणसानं माणसाशी बोलल्यासारखा मजकूर. 2014 मध्ये छापलेला निकाल असा, की आपुलकीच्या चिठ्ठीच्या उपकरणांना लोकांनी इतरांपेक्षा ठळकपणे कमी हात लावला. धमकीनं कोरड्या माहितीपेक्षा फार काही साधलं नाही. म्युनिक कुठे आणि भोरचं वेळवंड खोरं कुठे, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्तच आहे. पण आपल्याकडे तर चिठ्ठी लिहिणारा आणि वाचणारा एकाच एसटीत भेटण्याची शक्यता आहे. ओळखीचा परिणाम इथे कमी नाही, जास्तच व्हायला हवा. तेव्हा ‘सरकारी मालमत्ता, हात लावल्यास कारवाई’ हा फलक काढून ठेवा. कॅमेरा सरकारी नसेल तर तो फलक खोटाही आहे. त्याऐवजी साध्या मराठीत, जाड अक्षरात, पावसात न पुसणारं असं काही लिहा: ‘नमस्कार. हा कॅमेरा बिबट्या आणि रानमांजरांची नोंद घेतो. फक्त रात्री चालू असतो. माणसाचा फोटो आला तर आम्ही पुसून टाकतो. पासवर्डशिवाय चालत नाही, विकून उपयोग नाही. अडचण असेल तर फोन करा.’ खाली नाव, गाव किंवा कॉलेज आणि नंबर. नंबर खरा हवा आणि फोन उचलायला हवा.

चिठ्ठी लागते ती अनोळखी वाटसरूसाठी. गावाला मात्र चिठ्ठीनं कळता कामा नये, तोंडानं कळायला हवं. सरपंच आणि पोलीस पाटलांना सांगणं हा रिवाज झाला. खरा निरोप पोहोचवायचा तो गुराख्याला, धनगरवाड्यावर आणि सरपणाला जाणाऱ्या बायकांच्या घोळक्याला, कारण तुमचं झाड रोज बघणारे ते आहेत. बायकांशी बोलायला शक्यतो बाईनंच जावं. कॅमेरा हातात द्यावा, त्यांचाच एखादा फोटो काढून दाखवावा, आणि त्यांच्यासमोर पुसावा. पेटीत काय असतं हे एकदा डोळ्यांनी दिसलं की तिच्यातलं गूढ संपतं. दुसऱ्या फेरीला जाताना आलेले फोटो छापून न्यावेत. आपल्या वाटेवर रात्री साळिंदर फिरतं, उदमांजर येतं, भेकराची मादी पाडस घेऊन गेली, हे बघायला सगळ्यांनाच आवडतं, आणि त्या दिवसापासून कॅमेरा ‘त्यांचा’ न राहता ‘आपल्या रानातला’ होतो. शक्य असेल तर त्याच वाडीतल्या एखाद्या तरुणाला रोजावर सोबत घ्यावं. एका कॅमेऱ्याच्या किमतीत असे बरेच रोज निघतात. एक गोष्ट इथेच बोलून टाकतो. कॅमेरा गेला की पहिलं बोट कातकरी वस्तीकडे किंवा धनगराकडे दाखवायची आपली सवय आहे. ती पुराव्यावर उभी नसते आणि तिचा तोटाही आपल्यालाच होतो. उगाच आळ आलेला माणूस पुढच्या वेळी तुमच्या कॅमेऱ्याकडे बघून न बघितल्यासारखं करतो.

गावाला सांगणं म्हणजे चोरालाच पत्ता देणं नाही का, हा यावरचा सर्वांत मोठा आक्षेप. पण तो एक चुकीची गोष्ट गृहीत धरतो: न सांगितलं तर गावाला कळणार नाही. ज्या गुराख्याला आपल्या चराईतली प्रत्येक मोडलेली फांदी ठाऊक असते, त्याला दोन दिवसांत तुमची पेटी सापडते. लपवलेली पेटी सापडली तर ती लपवली होती एवढंच त्याच्या लक्षात राहतं, आणि लपवलं म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे हा निष्कर्ष माणसाचा स्वभावच काढतो. शिवाय सांगायचं ते कॅमेरे आहेत एवढं, कशासाठी आहेत आणि कोणाचे आहेत एवढं. कोणत्या ओहोळावर, कोणत्या जांभळाला बांधलेत हे चावडीवर जाहीर करायचं नाही. महामार्गावरून येणाऱ्या परक्याला तुमचा कॅमेरा माहीत नसलेला बरा. गावातल्या माणसाला तो माहीत असलेला बरा.

परवानगीचा मुद्दा इथे येतो. वनखात्याच्या जमिनीवर कॅमेरा लावायचा तर वनविभागाची लेखी परवानगी हवी. मालकीच्या शेतात मालकाची, आणि देवराईत देवस्थानाच्या मानकऱ्यांना विचारणं. हे सोपस्कार टाळणाऱ्याला वाटतं, कोण बघतंय? पण परवानगीशिवाय राखीव वनात लावलेला कॅमेरा चोरीला गेला, तर तक्रार द्यायला कोणत्या तोंडानं जाणार? वनरक्षकानं काढून नेला तर ती चोरीही नव्हे. परवानगी घेतल्यावर बीटाच्या वनरक्षकाला जागा माहीत असतात आणि त्याच्या गस्तीत त्या येतात, हा फायदा वेगळा.

चोरी टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय कॅमेऱ्याच्या आतच असतो आणि बहुतेक जण त्याला हात लावत नाहीत. जवळजवळ सगळ्याच मॉडेलांत वेळ ठरवायची सोय असते. बिबट्या, तरस, उदमांजर, साळिंदर, ससा हे मुख्यतः रात्रीचे प्राणी. कॅमेरा संध्याकाळी सातला चालू आणि पहाटे साडेपाचला बंद असा लावला, तर सरपणवाल्या, गुराखी, भटके यांतलं कोणीच त्यात येत नाही. ‘फक्त रात्री चालू असतो’ हे चिठ्ठीतलं वाक्य मग खरं ठरतं. बॅटऱ्या जास्त दिवस पुरतात, गुरांच्या आणि हलत्या गवताच्या हजार फोटोंतून नेमका फोटो शोधत बसावं लागत नाही. यात तोटा आहे, तो लपवत नाही. दिवसा फिरणारी मुंगसं, वानरं, मोर आणि पहाटे उशिरापर्यंत चरणारं भेकर निसटेल. ज्याला नेमका त्यांचाच अभ्यास करायचा आहे त्यानं दिवसाचा कॅमेरा लावावा, पण मग तो माणसाच्या पायवाटेपासून, पाणवठ्यापासून आणि वस्तीच्या शौचाच्या बाजूपासून दूर हवा. उन्हाळ्यात जिवंत पाणी असलेली जागा प्राण्यांसाठी उत्तम, हे पुस्तकी ज्ञान इथे गोत्यात आणतं, कारण त्याच पाण्यावर बायका हंडे घेऊन येतात.

जागा निवडताना भोर तालुक्यातल्या किकवीच्या परिसराचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवा. गाव पुणे–सातारा महामार्गावर आहे. रस्त्याकाठचे उघडे माळ आणि डोंगर यांच्यावर कोणीही गाडी थांबवून चढू शकतो. तिथे उचलून नेणारा हा क्षणभराचा पाहुणा असतो आणि त्याच्यापुरतं कुलूप खरोखर उपयोगी. उलट चेलाडी फाट्यानं वेल्ह्याकडे किंवा कापूरहोळवरून भोरकडे आत गेलं, भाटघरच्या पाण्यामागच्या खोऱ्यात किंवा हिरडस मावळात शिरलं, की परका माणूस दुर्मीळ होतो आणि प्रश्न पुन्हा ओळखीवर येतो. अपवाद राजगड आणि तोरण्याच्या वाटांचा. शनिवार-रविवारी तिथे एवढी गर्दी असते की मुख्य वाटेवर लावलेला कॅमेरा म्हणजे सोडून दिलेला कॅमेरा. अडचण अशी, की बिबट्यालाही रुळलेली वाटच आवडते. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी शेतं आणि वस्त्यांच्या मुलखात केलेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून हे स्पष्ट झालं की दाट लोकवस्तीतही बिबटे राहतात आणि आपल्याच पायाखालच्या जागांवरून रात्री फिरतात. म्हणून वाट पूर्णपणे सोडता येत नाही. वळण मात्र निवडता येतं. जिथे माणसाची वाट डावीकडे वस्तीकडे जाते आणि जनावराची पुसट वाट उजवीकडे ओढ्यात उतरते, तिथून ओढ्याच्या बाजूनं शंभर पावलं आत जा. उसाच्या बांधावर लावणार असाल तर तोड कधी आहे ते शेतकऱ्याला विचारा. एका दिवसात फड मोकळा होतो आणि तुमचा लपवलेला कॅमेरा उघड्या रानात एकटा उभा राहतो. माळरानाच्या गवतात फेब्रुवारीनंतर ठेवूच नका. वणव्यात जळालेला कॅमेरा चोरीपेक्षा वाईट, त्यातलं कार्डही हाती लागत नाही.

एवढं झाल्यावर लोखंड. कॅमेऱ्याबरोबर येणारा कापडी पट्टा विळ्याच्या एका फटक्यात जातो, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. मॉडेलच्या मापाची पोलादी पेटी आणि वेटोळी वळवता येणारी जाड पोलादी केबल पुरेशी आहे. केबल अशा फांदीच्या वर अडकवा, की ती खाली सरकवून काढता येणार नाही. मांडीएवढ्या बारक्या झाडाला बांधलं तर कोयता केबलवर न पडता झाडावर पडतो. खिळे आणि मोठे स्क्रू ठोकू नका. झाडाला इजा होते आणि परवानगी देणाऱ्याचा विश्वासही जातो. पेटीला रंग मातीचा द्या, चकचकीत कुलूपही रंगवा. उजेडाचा प्रकार तपासा. स्वस्त मॉडेलांत फोटो निघताना लालसर ठिपके चमकतात आणि अंधारात वीस पावलांवरून दिसतात. 940 नॅनोमीटरचा ‘नो-ग्लो’ दिवा माणसाला दिसत नाही, फक्त फोटो थोडा अंधुक येतो आणि बिबट्याच्या अंगावरचे ठिपके जुळवायला त्रास होतो. उंचीबद्दल एक मत असं आहे की दहा फुटांवर चढवून खाली झुकवा, म्हणजे कोणी हात पोहोचवणार नाही. बिबट्याची नोंद नीट हवी असेल तर कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर लागतो; वरून घेतलेल्या फोटोत अंगाची बाजू दिसत नाही आणि लहान प्राणी सेन्सरला सापडतच नाहीत. तेव्हा उंच कॅमेरा लावायचाच तर खालच्या कॅमेऱ्यावर नजर ठेवणारा दुसरा म्हणून लावा. सिमकार्डवरून फोटो पाठवणारी मॉडेलं चोराचा शेवटचा फोटो घरी पोहोचवतात हे खरं, पण वेल्ह्याच्या खोऱ्यांत रेंज कुठे येते आणि कुठे जाते हे आधी मोबाईल घेऊन तपासल्याशिवाय त्यांच्यावर पैसे घालू नका.

तिसऱ्या माणसाबद्दल थोडं सांगायचं राहिलं. फासे लावणारा, रानडुकरासाठी गावठी बॉम्ब पेरणारा माणूस आपुलकीच्या चिठ्ठीला भुलत नाही, आणि त्याच्या बाबतीत माझा वरचा सगळा युक्तिवाद थांबतो. कॅमेऱ्यात असा माणूस आला किंवा जवळपास तारेचा फासा दिसला, तर त्या जागेचा कॅमेरा काढून घ्या, फोटो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे द्या आणि गावात त्याची चर्चा करू नका. ‘माणसाचे फोटो पुसतो’ या वचनाला हा एकच अपवाद आहे आणि तो गावाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवलेला बरा. आपण हौशी आहोत, गस्त घालणारे नाही. बिबट्याचा फोटो समाजमाध्यमावर टाकतानाही जागेचं नाव आणि फोटोतली जीपीएसची नोंद काढा, कारण अशा लोकांना तोच पत्ता हवा असतो.

नुकसान मोजताना आपण कॅमेऱ्याची किंमत मोजतो. खरं नुकसान कार्डाचं असतं. तीन महिने एकाच जागी ठेवून शेवटी एकदा जाणारा माणूस तीन महिन्यांची माहिती पणाला लावतो. दर पंधरा दिवसांनी कार्ड बदलणारा फार तर पंधरा दिवस गमावतो. लावताना प्रत्येक कॅमेऱ्याचा अनुक्रमांक, खरेदीची पावती, जागेचे अक्षांश-रेखांश आणि बांधलेल्या स्थितीतला फोटो वहीत ठेवा. आतल्या झाकणावर, बॅटऱ्यांच्या खाली, न पुसणाऱ्या शाईनं नाव लिहा.

तरीही गेला, तर आधी वनरक्षकाला फोन. त्यानं काढला आहे का, वानरानं ओढून खाली टाकला आहे का, हे बघितल्याशिवाय चोरी म्हणू नका. आसपासची पंचवीस-तीस पावलं झुडपं चाळा. खरोखरच गेला असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. किकवीचा परिसर राजगड पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो. 1 जुलै 2024 पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं 303(2) कलम लागतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंतची. मात्र वस्तू पाच हजारांच्या आतली असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू परत दिली असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे. तक्रारीत ‘हरवला’ लिहू देऊ नका, ‘चोरीला गेला’ लिहा आणि अनुक्रमांक जोडा. मग त्याच झाडाला एक चिठ्ठी बांधा: कॅमेरा ज्यानं नेला असेल त्यानं आतलं छोटं कार्ड तेवढं या दगडाखाली ठेवावं, आम्ही कोणाला काही विचारणार नाही. कार्ड त्याच्या काही उपयोगाचं नसतं. पुढचे दोन आठवडे तिथे दुसरा कॅमेरा लावू नका, आणि दगड उचलून बघायला आपण न जाता गुराख्यालाच सांगा.